रेडिओवर गाणं एक, वेबसाइटवर नाव दुसरंच

एखादं गाणं रेडिओवर लागतं. चाल ओळखीची असते, गाणाऱ्याचं नाव मात्र आठवत नाही. तुम्ही फोन काढून त्या केंद्राची वेबसाइट उघडता. वर ठळक अक्षरांत 'आता वाजतंय' आणि खाली एक नाव. ते गाणं शोधून लावता, तर भलतंच निघतं. कधी ते मघाच संपलेलं गाणं असतं, कधी चक्क अजून न लागलेलं. आणि कधी तर रात्री साडेदहाला पान ठामपणे सांगत असतं, की सध्या सकाळच्या बातम्या चालू आहेत.

वेबसाइट सांभाळणारा झोपलाय, असं वाटणं साहजिक आहे. असेलही झोपला. पण बऱ्याचदा तो टक्क जागा असतो आणि तरी हा घोळ होतोच, कारण रेडिओच्या बाबतीत 'आता' हा शब्दच फसवा आहे. एकाच केंद्राचे एकाच क्षणी तीन-चार वेगवेगळे 'आता' चालू असतात: कागदावरचा, स्टुडिओतला, तुमच्या रेडिओसंचातला आणि फोनच्या इअरफोनमधला. वेबसाइटनं यांपैकी कोणता 'आता' दाखवायचा, हाच सगळा प्रश्न आहे. तो एकदा कळला की बाकीचं कोडं बरंचसं सुटतं.

वेळापत्रक म्हणजे प्रसारण नव्हे

रेल्वे स्टेशनवर दोन फलक असतात. एक रंगवलेला, वर्षानुवर्षं तिथंच असलेला: गाडी सुटण्याची वेळ ९.१०. दुसरा विजेवर चालणारा, जो सांगतो की ती गाडी आज चाळीस मिनिटं उशिरा आहे आणि फलाट बदललाय. पहिला फलक खोटं बोलत नाही, पण तो बेत सांगतो. प्रत्यक्षात काय घडतंय ते दुसरा सांगतो.

बहुतेक रेडिओ वेबसाइट्स पहिल्या फलकासारख्या असतात. आत कुठंतरी आठवड्याचा तक्ता भरून ठेवलेला असतो: सोमवारी ८ ते ९ अमुक, ९ ते १० तमुक. वेबसाइट घड्याळात बघते, तक्त्यात बोट फिरवते आणि नाव छापते. प्रसारणाकडे ती ढुंकूनही बघत नाही. सामना लांबला, मुलाखत रंगली, मोठी बातमी आली, निवेदक ऐनवेळी आजारी पडला, काहीही होवो. ९ वाजले की पान बदलणार म्हणजे बदलणार.

हा दोष इंटरनेटनं आणलेला नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं सप्टेंबर १९२३ मध्ये 'रेडिओ टाइम्स' हे कार्यक्रमपत्रकाचं साप्ताहिक सुरू केलं. छापील अंक श्रोत्यांच्या हाती आधी पोचायचा, प्रसारण नंतर व्हायचं. मधल्या दिवसांत जे बदल झाले, ते कागदावर कुठून येणार? १९२३ ते २००९ या काळातली ही सगळी पत्रकं 'बीबीसी जिनोम' या प्रकल्पानं २०१४ साली लोकांसाठी खुली केली. तिथंही वाचणाऱ्याला सांगावं लागतं, की हे जे दिसतंय ते ठरलेलं होतं, प्रत्यक्ष तसंच लागलं असेल असं नाही. म्हणजे काय ठरलं होतं याची सुमारे शहाऐंशी वर्षांची नोंद एका ठिकाणी मिळते, पण प्रत्यक्षात काय लागलं हे तिच्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून पहिला बदल असा करावा लागतो: वेबसाइटनं घड्याळाला विचारणं थांबवायचं आणि जे यंत्र आवाज बाहेर सोडतं, त्याला विचारायचं.

ते यंत्र म्हणजे काय?

आजच्या बहुतेक केंद्रांत गाणी, जाहिराती, ध्वनिमुद्रित कार्यक्रम, जिंगल (केंद्राच्या नावाची छोटी धून) हे सगळं एका संगणकातून सुटतं. या व्यवस्थेला प्लेआउट म्हणतात. दिवसभराची क्रमवार यादी त्यात आधी भरलेली असते. निवेदक माइकवर बोलतो, मध्येच एखादं गाणं वगळतो, दुसरं पुढं ओढतो. यादी डोळ्यांसमोर हलत असते.

प्लेआउटजवळ दोन गोष्टी असतात. एक ही यादी, म्हणजे बेत. दुसरी असते झालेल्या प्रसारणाची नोंदवही: अमुक फाइल इतक्या वाजून इतक्या सेकंदांनी सुरू झाली, इतक्या सेकंदांनी संपली. तिला आपण लॉग म्हणू. जाहिरातदाराला बिल लावताना आणि गाण्यांच्या मानधनाचा हिशेब देताना केंद्राला हाच लॉग दाखवावा लागतो, त्यामुळं तो सहसा चोख असतो. गंमत बघा, पैशांसाठी खरी नोंद ठेवली जाते आणि श्रोत्याला मात्र बेत दाखवला जातो! वेबसाइट या लॉगला जोडणं, हे कामाचं निम्मं अंग.

पण जोडली रे जोडली की नवी फजिती सुरू होते. प्लेआउटला गाणं आणि जिंगल सारखंच. दोन्ही त्याच्या लेखी फाइलीच. मग पानावर दिसतं: 'आता वाजतंय: जिंगल तीन अंतिम नवीन दोन'. हसू येतं, पण हे खरोखर दिसतं. त्यासाठी प्रत्येक फाइलवर ती कोणत्या प्रकारातली आहे याची चिठ्ठी हवी आणि वेबसाइटनं फक्त गाणी आणि कार्यक्रमच उचलायला हवेत. जाहिरात चालू असताना काय दाखवायचं? माझ्या मते कार्यक्रमाचं नाव आणि आधीचं गाणं 'नुकतंच वाजलेलं' म्हणून. जाहिरात सुरू होऊन दहा सेकंद झाली तरी मागच्या गाण्याखाली 'आता वाजतंय' लिहिलेलं असणं, ही शुद्ध लबाडी.

फाइलीला जोडलेल्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. डब्यावर चिकटवलेलं लेबल म्हणजे मेटाडेटा, आणि डब्यातला ऐवज म्हणजे आवाज. लेबल लिहिताना कुणी गायकाचं नाव आधी लिहितं, कुणी गाण्याचं. कुणी शुद्धलेखनाचे तीन प्रकार करतं. ही अस्वच्छता वेबसाइटवर जशीच्या तशी उतरते. देवनागरी लेबलांचं तर आणखी एक दुखणं. वाटेतल्या एखाद्या जुन्या यंत्राला ही अक्षरं समजली नाहीत, तर नावाऐवजी प्रश्नचिन्हांची माळ येते. इलाज तंत्रात कमी आणि शिस्तीत जास्त आहे. फाइल आत येताना एका माणसानं लेबल तपासायचं, मगच ती यादीत घ्यायची.

आणि जे प्लेआउटमधून जातच नाही त्याचं काय? थेट चर्चा, सामन्याचं धावतं वर्णन, पाहुण्यानं गिटार काढून वाजवलेलं गाणं. तिथं यंत्राला एवढंच कळतं, की माइक चालू आहे. अशा वेळी वेबसाइटनं वेळापत्रकाचा आधार घ्यायला हरकत नाही. फक्त निवेदकासमोर एक साधं बटण हवं: 'हा कार्यक्रम अजून चालू आहे'. दहा रकान्यांचा अर्ज ठेवलात तर थेट प्रसारणाच्या धांदलीत तो कुणीही भरणार नाही.

नाव मिळालं, पण ऐकणारा कुठं आहे?

इथून विषय खरा रंगतो.

वीज चमकते आणि गडगडाट मागाहून येतो. घटना एकच, पण प्रकाश आधी पोचतो, आवाज नंतर. रेडिओ वेबसाइटवर नेमकं हेच होतं. गाण्याचं नाव दोन-तीन ओळींचा मजकूर, ते क्षणात पोचतं. आवाज मात्र लांबच्या वाटेनं येतो.

एफएमवर ही वाट आखूड असते. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. ट्रान्समीटरपासून ६० किलोमीटरवर बसलेल्या श्रोत्याकडे आवाज पोचायला सेकंदाचा पाच-हजारावा भाग पुरतो. स्टुडिओतल्या आणि जोडणीतल्या यंत्रांत थोडा वेळ जातो तेवढाच. त्यातही फोनवरून थेट बोलणारे श्रोते असतील तर काही केंद्रं मुद्दाम काही सेकंदांचा उशीर घालतात, म्हणजे कुणी शिवी हासडलीच तर ती बाहेर पडण्याआधी कापता येते. तेव्हा स्टुडिओतलं प्लेआउट ट्रान्समीटरच्याही पुढं असतं, आणि नाव गाण्याच्या आधी पोचतं.

इंटरनेटवरचा प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, याचं वेगळंच आहे. सध्या फार वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे ॲपलनं २००९ मध्ये आणलेली एचएलएस. तिच्यात आवाजाचे छोटे तुकडे पाडतात आणि श्रोत्याचं ॲप ते एकामागून एक उचलतं. समजा एक तुकडा सहा सेकंदांचा. तो पूर्ण भरल्याशिवाय पाठवताच येत नाही. शिवाय वाटेत अडथळा आला तर आवाज तुटू नये म्हणून ॲप तीन तुकडे मागं राहून सुरुवात करतं. झाले अठरा सेकंद. तयार होत असलेल्या तुकड्याचे शून्य ते सहा सेकंद वर, आणि वाटेतल्या सर्व्हरचे आणखी काही. पाव मिनिट सहज उलटून जातं, पुष्कळदा अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. सुरुवातीच्या काळात तर दहा सेकंदांचे तुकडे पाडायची शिफारस होती. त्या हिशेबानं उशीर अर्ध्या मिनिटाच्या वर.

मागं राखून ठेवलेल्या या साठ्याला बफर म्हणतात. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी हाच बफर. नळाला मुख्य लाइनचं पाणी थेट आलं तर ते ताजं असेल, पण लाइनमध्ये जरा खंड पडला की नळ कोरडा. टाकी असली की धार अखंड राहते, मात्र तुम्ही भांड्यात घेता ते पाणी मघाचं असतं.

याचा सगळ्यात देखणा पुरावा म्हणजे बीबीसीचे वेळेचे ठोके. ५ फेब्रुवारी १९२४ पासून रेडिओवर सहा छोटे 'पिप' वाजतात आणि शेवटचा पिप सुरू होतो तो क्षण म्हणजे नेमका तास. लोक त्यावर घड्याळं लावत. तेच पिप आज डिजिटल रेडिओवर किंवा स्ट्रीमवर ऐकले तर उशिरा पोचतात. वेळ सांगण्यासाठीच जन्माला आलेला आवाज चुकीची वेळ सांगतो, आणि त्यात कुणाचाही दोष नसतो.

आता वेबसाइटच्या जागी बसून बघा. एकाच वेळी एकाच पानावर तीन माणसं आली आहेत. पहिल्याचा एफएम चालू आहे. दुसरा स्ट्रीम ऐकतोय, पंचवीस सेकंद मागं. तिसऱ्यानं मध्ये फोन आला म्हणून स्ट्रीम थांबवला आणि पाच मिनिटांनी तिथूनच पुढं सुरू केला. तिघांसाठी 'आता' वेगळा आहे. पानावर जागा मात्र एकाच ओळीची. एकच नाव छापलंत तर दोघांशी तुम्ही खोटं बोललात.

यावरचा उपाय: नाव नको, वही द्या

सोपा वाटणारा उपाय असा, की नाव पंचवीस सेकंद अडवून धरायचं आणि मग दाखवायचं. पुष्कळ केंद्रं तेच करतात, आणि काहीच न करण्यापेक्षा ते बरं. पण त्यानं एफएमवाला चुकतो, आणि फोन घ्यायला थांबलेला तर चुकतोच.

दुसरा उपाय नाव आवाजासोबतच पाठवण्याचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या शाउटकास्ट आणि पुढं आयसकास्ट या सर्व्हरांनी ही युक्ती रूढ केली. आवाजाच्या ओघात ठरावीक अंतरानं एक चिठ्ठी घुसवायची. समजा स्ट्रीम सेकंदाला १२८ किलोबिटचा आहे, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) सेकंदाला १६,००० बाइट. दर १६,००० बाइटनंतर चिठ्ठीसाठी जागा ठेवली, तर दर सेकंदाला नाव बदलायची सोय झाली. आवाज टाकीत थांबला की चिठ्ठीही त्याच्याबरोबर थांबते. पाच मिनिटं मागं ऐकणाऱ्यालाही बरोबर नाव दिसतं. उणीव एवढीच, की चिठ्ठीत सहसा एकच ओळ असते, 'गायक' मग आडवी रेघ मग 'गाणं'. गाण्याच्या नावातच आडवी रेघ असली की गोंधळ. शिवाय चिठ्ठी आणि आवाज सर्व्हरपर्यंत वेगवेगळ्या दारांनी येतात, त्यामुळं दोन-चार सेकंदांचा फरक उरतोच.

मला पटतो तो तिसरा उपाय. वेबसाइटनं 'आता' काय चाललंय हे सांगायचंच नाही. तिनं द्यायची एक छोटी वही: हे गाणं १०.०४.१२ ला सुरू झालं, ते १०.०७.५० ला, त्यानंतर चर्चा १०.११.०५ ला. एचएलएसच्या यादीत तुकड्यांवर खऱ्या वेळेचा शिक्का मारायची सोय आहे. म्हणजे पानावर आवाज वाजवणाऱ्या प्लेयरला ठाऊक असतं, की माझ्या तोंडून आत्ता निघणारा आवाज स्टुडिओतल्या १०.०५.३० चा आहे. तो वहीत बघतो आणि योग्य नाव स्वतःच निवडतो. पत्र केव्हा पोचलं याला महत्त्व नाही, पत्रावरची तारीख वाचायची.

पानावरचं वाजवायचं बटण ज्यानं दाबलेलंच नाही, तो बहुधा एफएमवर ऐकतोय किंवा नुसता डोकावलाय. त्याला घड्याळाच्या वेळेनुसार वही उघडून द्यायची आणि शेवटची पाच-सहा गाणी वेळेसकट दाखवायची. इथं चूक झाली तरी माणूस हरवत नाही. वरचं नाव जुळलं नाही तर खालचं जुळतं.

या सगळ्याला एक अट आहे, केंद्रातली सगळी यंत्रं एकाच घड्याळावर चालली पाहिजेत. प्लेआउटचा संगणक चाळीस सेकंद पुढं असेल तर शिक्के अचूक असूनही उपयोग शून्य. संगणकांची घड्याळं इंटरनेटवरून जुळवून ठेवण्याची सोय दशकांपासून आहे. ती चालू आहे ना, हे मात्र कुणीतरी बघावं लागतं.

वेबसाइटचा स्वतःचाही उशीर असतो, तो थोडक्यात सांगतो. गर्दी झेपावी म्हणून पानाच्या प्रती काढून जागोजागी ठेवतात, याला कॅश म्हणतात. झेरॉक्स वाटण्यासारखंच ते. मूळ कागद बदलला तरी हातातली झेरॉक्स जुनीच. म्हणून पान खुशाल कॅशमध्ये ठेवा, पण 'आता वाजतंय'चा तुकडा त्यातून वेगळा काढा. आणि तो तुकडा प्रत्येक फोननं दर पाच सेकंदांनी 'बदललं का, बदललं का' विचारून आणण्यापेक्षा बदल झाला की सर्व्हरनंच कळवणं चांगलं. घरून निघालेल्याला दर मिनिटाला फोन करण्यापेक्षा 'पोचलास की कळव' म्हटलेलं दोघांनाही सोईचं.

'मग उशीरच काढून टाका ना!'

काढता येत नाही, कमी करता येतो. तुकडे आणखी बारीक करण्याच्या पद्धती आल्या आहेत आणि त्यांनी उशीर काही सेकंदांवर येतो. पण टाकी जितकी लहान, तितकी धार तुटायची भीती जास्त. बोगद्यातून जाणाऱ्या गाडीत बसलेल्या श्रोत्याला आवाज तुटलेला चालणार नाही, वीस सेकंद शिळा असलेला चालेल. सामन्याच्या वर्णनात उलट: शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू आला की सगळी मजा गेली. तेव्हा उशीर किती ठेवायचा हे कार्यक्रमावर अवलंबून, आणि तो किती आहे हे वेबसाइटला ठाऊक असणं त्याहून महत्त्वाचं.

'गाण्यांची यादी आदल्या दिवशीच लावून टाका'

कल्पना वाईट नाही, पण वाटेत कायदा उभा राहू शकतो. अमेरिकेत इंटरनेट रेडिओला गाणी वाजवण्याचा जो सरसकट कायदेशीर परवाना मिळतो, त्याच्या अटी १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानं घालून दिल्या. त्यांत असं आहे, की अमुक गाणी लागणार अशी यादी आधी प्रसिद्ध करायची नाही. कारण उघड आहे. गाणं किती वाजता लागणार हे कळलं तर लोक ते बरोबर त्याच वेळी ध्वनिमुद्रित करून ठेवतील. त्याच अटींमध्ये दुसरी अट: गाण्याचं, अल्बमचं आणि कलाकाराचं नाव श्रोत्याला मजकुरात दिसलं पाहिजे, ते वाजत असताना, पण त्याच्या आधी नाही. म्हणजे इतका वेळ आपण ज्याला श्रोत्याची सोय म्हणत होतो, ते तिथं त्या परवान्याखाली चालणाऱ्या केंद्राचं कर्तव्य आहे, आणि नाव आवाजाच्या पुढं धावणं हा नुसता गचाळपणा राहत नाही.

'आवाज ऐकून गाणं ओळखणारी ॲप्स आहेत की'

आहेत, आणि छान चालतात. पण त्यांना काही सेकंदांचा नमुना लागतो, निवेदक गाण्यावर बोलत असेल तर अडखळतात, आणि ज्या गाण्याचा ठसा त्यांच्या साठ्यात नाही ते ओळखूच शकत नाहीत. पाहुण्यानं स्टुडिओत वाजवलेली धून कुठल्या साठ्यात असणार? केंद्राला स्वतः काय वाजवलं हे ठाऊक असताना ते बाहेरच्या यंत्राकडून ऐकून घेणं म्हणजे स्वतःच्या घरचा पत्ता शेजाऱ्याला विचारणं. मात्र पडताळणीसाठी ती उपयोगी पडतात. लॉग एक सांगतो आणि ओळखयंत्र दुसरं, असं वारंवार झालं तर फाइलीचं लेबल चुकलंय हे समजायचं.

'वेबसाइट हल्ली बघतं कोण?'

पान उघडून बसणारे कमी झाले असतील, पण तीच माहिती आता दुसरीकडून बाहेर पडते. एफएममध्येच नाव पाठवण्याची आरडीएस नावाची सोय १९८४ पासून आहे: केंद्राच्या नावाला ८ अक्षरं, मजकुराला ६४. गाडीतल्या रेडिओच्या पट्टीवर जे सरकताना दिसतं ते हेच. डीएबी या डिजिटल रेडिओत मजकुराला १२८ पर्यंत. नव्या संचांत तर रेडिओडीएनएस नावाची व्यवस्था असते. संच एफएमवरून केंद्राची खूणगाठ वाचतो, त्यावरून इंटरनेटवर त्याच केंद्राचा सर्व्हर शोधतो आणि चित्र, नाव, वेळापत्रक तिथून घेतो. म्हणजे वहीत चूक असली की ती वेबसाइटवर, ॲपमध्ये आणि गाडीच्या पडद्यावर एकदमच दिसते. वही एकच ठेवा आणि सगळ्यांना तीच वाचू द्या. चार ठिकाणी चार माणसांनी भरलेल्या चार वह्या कधीच जुळत नाहीत.

मध्यरात्रीचा तिढा

शुक्रवारी रात्री १ वाजताचा कार्यक्रम. तो शुक्रवारचा की शनिवारचा? कॅलेंडर म्हणतं शनिवार. श्रोत्याच्या मनात ती अजून शुक्रवारची रात्रच असते. जपानमध्ये रात्रीच्या प्रसारणासाठी सरळ '२५ वाजता' असं लिहितात, म्हणजे त्या दिवसाचं शेपूट त्याच दिवसाला चिकटून राहतं. मला हा तोडगा फार आवडतो. संगणकाला मात्र २५ वाजलेले चालत नाहीत, म्हणून आत खरी तारीख-वेळ आणि बाहेर 'प्रसारणाचा दिवस' अशा दोन नोंदी ठेवाव्या लागतात.

जिथं उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं आणि नंतर मागं करतात, तिथं वर्षातल्या एका रात्री तोच तास दोनदा येतो. नोंदीत नुसतं '१.३०' लिहिलेलं असेल तर कोणतं १.३०? म्हणून साठवताना जागतिक प्रमाणवेळ आणि दाखवताना श्रोत्याच्या ठिकाणची वेळ. दोन ठिकाणांतला फरक नेहमी पूर्ण तासांचाच असतो हेही गृहीत धरायचं नाही. नेपाळची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या पावणेसहा तास पुढं आहे.

प्रसारण संपलं, आता काय?

संपलेला कार्यक्रम ऐकायला लोक नंतर येतात, आणि इथं वेबसाइटचं काम नव्यानं सुरू होतं. मूळ गोंधळ असा, की आपण 'कार्यक्रम' हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतो. एक मालिका, जी दर आठवड्याला येते. दुसरा तिचा एक भाग, ज्यात अमुक पाहुणे आले. तिसरं त्या भागाचं एक प्रसारण, मंगळवारी सकाळी आणि परत रविवारी दुपारी. भाग एक, प्रसारणं दोन. वेबसाइटवर पान भागाचं हवं आणि प्रसारणांच्या वेळा त्या पानावर लिहिलेल्या. तसं न करता प्रत्येक प्रसारणाला वेगळं पान केलं, की पुनःप्रसारणाबरोबर दुसरं पान जन्मतं, आणि श्रोत्यानं जपून ठेवलेला पत्ता ओसाड पडतो. बीबीसीनं २००७ मध्ये प्रत्येक कार्यक्रमाला आणि भागाला कायमचा पत्ता द्यायची पद्धत सुरू केली ती याच विचारानं. प्रसारणाची वेळ बदलते, पत्ता बदलत नाही.

ध्वनिमुद्रणातही वेळापत्रकाचं भूत शिरतं. ९ ते १० असा तक्ता बघून यंत्र बरोबर ९ ला कापायला लागतं. आधीच्या बातम्या दोन मिनिटं लांबल्या असतील तर फाइलीच्या सुरुवातीला बातम्या आणि शेवटी मुलाखत ऐन रंगात तुटलेली. म्हणून दोन्ही बाजूंनी पाच मिनिटं जादा मुद्रण करायचं आणि नंतर लॉगमधल्या खऱ्या वेळांनी कडा कापायच्या.

शिवाय जे प्रसारित करायचा हक्क आहे, ते मागाहून हवं तेव्हा ऐकू द्यायचा हक्क असतोच असं नाही. संगीताचे परवाने या दोन गोष्टींना वेगळे लागतात. म्हणून पॉडकास्टमध्ये गाणी गाळलेली आढळतात. श्रोत्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. पानावर 'हक्कांमुळे गाणी वगळली आहेत' एवढी एक ओळ लिहिली तर तक्रारी निम्म्यानं कमी व्हाव्यात असा माझा अंदाज. पॉडकास्टबद्दल आणखी एक: प्रत्येक भागाला आत एक ओळखक्रमांक असतो. शीर्षक सुधारताना तो क्रमांक चुकून बदलला, तर श्रोत्यांची ॲप्स जुन्याच भागाला नवा समजून पुन्हा उतरवून घेतात.

आणि प्लेआउटच गप्प झालं तर?

होतं तसं. जोडणी तुटते, संगणक नव्यानं सुरू होतो, आणि वेबसाइटला दहा मिनिटं नवा निरोपच मिळत नाही. हलगर्जीपणे बांधलेलं पान अशा वेळी शेवटचं नाव धरून बसतं. चार मिनिटांचं गाणं तिथं रात्रभर 'आता वाजतंय'. लॉगमध्ये गाण्याची लांबी असतेच. ती उलटून गेली, अर्धा मिनिट वर झालं आणि पुढचा निरोप आला नाही, की नाव काढून घ्यायचं. जागा रिकामी राहू दे. तिथं फक्त केंद्राचं नाव, खाली वेळापत्रकातला कार्यक्रम 'ठरल्याप्रमाणे' असं लिहून, आणि पडद्याआड कुणाच्या तरी फोनवर एक सूचना: निरोप येणं बंद झालंय, उठून बघा.